नाव नसलेला डबा

“यातली कोणती दारू भरायची, हे तुम्ही सांगता की मी सांगू?”

उदाजी पायगुडेने हे विचारलं तेव्हा कासम शिकलगार रायफलीच्या नळीतून तेलाची चिंधी ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तुम्हीच सांगा,” ते म्हणाले.

सावरगड संस्थानच्या सिलेखान्यात सकाळचं ऊन आलं होतं. संस्थानची सगळी हत्यारं इथं असत, आणि चाळीस वर्षं ती कासम शिकलगारांच्या हाताखालून गेली होती. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. महाराजसुद्धा.

महायुद्धाचं तिसरं वर्ष होतं. विलायतेहून येणारी काडतुसं बंद झाली होती. शिल्लक होती ती संपली होती. आणि आंबेदऱ्याच्या वाडीत बिबट्या माणसं मारत होता. महिन्याभरात तिघं गेली. तिसरी, संस्थानचा शिकारी भिवा वारघडे याची भावजय. जळणाची फाटी आणायला गेली होती.

महाराजांनी उस्तादांना बोलावून सांगितलं, “झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आहेत, गोळ्या आहेत, ठिणगीच्या टोप्या आहेत. दारू तुमच्याकडे आहे. भरा पुन्हा काडतुसं.”

आणि मदतीला उदाजी होताच.

उदाजी सरदाराचा मुलगा. वय चोवीस. पुण्याहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेला, नेमबाजीचं पदक मिळवलेला. तीन महिने तो उस्तादांकडे शिकायला येत होता. शिकायला म्हणजे... बहुतेक वेळ बोलायला.

मेजावर दोन डबे होते.

एकाच्या कागदावरचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. दुसऱ्याचा कागद कसरीनं खाल्ला होता. नुसता डिंकाचा डाग उरला होता.

उदाजीनं दुसऱ्या डब्यातले चार दाणे तळहातावर घेतले.

“ही. शंकाच नाही.”

“का?”

“आपली गोळी जड आहे. जड गोळीला सावकाश जळणारी दारू हवी, म्हणजे ती नळीभर ढकलत राहते. झटपट जळणारी घातली तर सगळा जोर पुंगळीतच फुटतो. हे दाणे पाहा. लांबट, करडे, काडीसारखे. ही सावकाश जळणारी आहे. पुण्याला एका साहेबाकडे मी हीच पाहिली होती.”

“हीच?”

“अगदी हीच.”

उस्तादांनी चिंधी बाजूला ठेवली.

“आणि नाव असलेली?”

“ती चांगली आहे, पण कमजोर. तुमच्याच वहीत लिहिलंय. याच रायफलीतून तुम्ही ती झाडून पाहिली होती, पंधरा वर्षांपूर्वी. पन्नास पावलांपर्यंत ठीक, पुढे गोळी खाली पडते. बिबट्या येतो तो कातळ माचाणापासून दोनशे पावलांवर आहे.”

“वही वाचलीत तर.”

“दोनदा वाचली.”

उस्ताद हसले. त्यांना बरं वाटलं होतं, हे दिसत होतं.

“मग भरा एक,” ते म्हणाले. “तुमच्या दारूचं.”

उदाजीनं भरलं. त्याचा हात खरोखर चांगला होता. पुंगळी पुसली, टोपी बसवली, दारू तोलून घातली, गोळी बेतानं दाबली. काडतूस मेजावर उभं केलं. नवं विलायती वाटावं असं.

“मैदानात चला,” तो म्हणाला. “मी स्वतः झाडून दाखवतो.”

“तुम्ही नको.”

“का? माझा विश्वास आहे माझ्या कामावर.”

“तो आहेच. चोविसाव्या वर्षी माझाही होता. स्वतःचं थोबाड पणाला लावायला तेव्हा काही वाटत नाही.”

उस्तादांनी दाराकडे तोंड करून हाक मारली.

भिवा बाहेर पायरीवर बसला होता. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. भावजयीच्या दहाव्याला मुंडण केलेलं डोकं अजून केसांनी पुरतं भरून आलं नव्हतं. तो आत आला, हात जोडले, आणि उभा राहिला.

उस्तादांनी काडतूस त्याच्या हातात दिलं.

भिवानं ते घेतलं आणि कमरेच्या फडक्यात खोचलं. एकदाही त्याच्याकडे न बघता.

“बघत नाहीस?” उस्तादांनी विचारलं.

“काय बगायचं? तुमी दिलंय न्हवं.”

“मी नाही भरलं. या उदाजीरावांनी भरलंय.”

भिवानं उदाजीकडे पाहिलं. मान हलवली.

“मंग त्यांनी बगितलं आसंल.”

उस्तादांनी चिंधी पुन्हा उचलली.

भिवा उभाच होता. त्याच्या उजव्या गालावर, रायफलीचा दस्ता टेकतो त्या जागी, वर्षानुवर्षांचा एक गुळगुळीत काळसर डाग होता. उदाजीला तो यापूर्वी कधी दिसला नव्हता.

दारू चुकीची निघाली तर पुंगळी फाटते. खटक्याचं लोखंड मागे येतं. नेमकं तिथं... त्या डागाच्या वर. डोळ्यात.

हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. आकृतीसकट.

“ही दारू सावकाश जळणारी आहे,” तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

“हं,” उस्ताद म्हणाले.

“दाणे तसेच आहेत.”

“हं.”

“पुण्याला पाहिली होती ती... संध्याकाळी पाहिली होती. दिव्याच्या उजेडात.”



 उदाजीनं हात पुढे केला.

“भिवा, ते काडतूस दे परत.”

भिवानं लगेच दिलं. देतानाही त्यानं ते पाहिलं नाही.

उदाजीनं सांडशीनं गोळी उपटली, दारू कागदावर ओतली आणि कागद उस्तादांपुढे सरकवला.

“मला माहीत नाही ही कोणती आहे,” तो म्हणाला. “माझा अंदाज आहे. नव्वद टक्के बरोबर असेल. पण अंदाजच आहे.”

“आता ठीक,” उस्ताद म्हणाले. “चल.”

तीन महिन्यांत पहिल्यांदाच ते त्याला ‘चल’ म्हणाले होते. एरवी ‘चला’.

उस्तादांनी नाव नसलेला डबा उचलला, कागदावरची दारूही त्यात टाकली. तिघं सिलेखान्याच्या मागं दूर, उघड्या कातळावर गेले. उस्तादांनी डबा तिरका धरला आणि वीस पावलं मागं मागं चालत दारूची एक बारीक रेघ ओढली. डबा पालथा करून झटकला. लांब काठीच्या टोकाला पेटवलेली चिंधी रेघेच्या टोकाला लावली.

आवाज झाला नाही. नुसती कमरेएवढी पिवळी ज्वाळा फुस्स करत कातळावरून धावत गेली. दहा आकडे मोजावेत तेवढ्यात सगळं संपलं.

“उस्ताद!” उदाजी ओरडला. “अहो, युद्ध संपेपर्यंत अशी दारू मिळायची नाही!”

“नाही मिळायची.”

“मग बिबट्या?”

“त्याचं काय?”

“त्या दुसऱ्या दारूनं दोनशे पावलांवर नेम लागणार नाही. गोळी कातळाखाली जाईल. नुसता जखमी झाला तर वाडीत कुणी वाचायचं नाही.”

“किती पावलांवर लागेल?”

“पन्नासावर... खात्रीनं. वहीत आहे तसं.”

“मग पन्नासावर बसा.”

“पन्नास पावलांवर माचाण बांधायला झाड नाही तिथं! जमिनीवर बसावं लागेल. काट्यांच्या आडोशाला.”

“दारूचा जोर कमी पडला तर तेवढं अंतर माणसानं चालायचं.”

उदाजीनं भिवाकडे पाहिलं. भिवा विझलेल्या काळ्या रेघेकडे बघत होता.

“बसू की,” भिवा म्हणाला. “पन्नास बी लांब हाय. चाळिसावर बसू.”

त्या दुपारी उदाजीनं नाव असलेल्या डब्यातून सहा काडतुसं भरली. वहीतला आकडा आधी मोठ्यानं वाचला, मग तोलला, मग पुन्हा वाचला. उस्ताद समोर बसले होते. एकदाही ‘घाई कर’ म्हणाले नाहीत. पहिली तीन त्यानं स्वतः झाडून पाहिली, चाळीस पावलांवर टांगलेल्या मडक्यांवर. तिन्ही मडकी फुटली.

उरलेली तीन भिवाच्या हातात देताना तो म्हणाला, “मी पण येतो.”

“तुमी कशापायी?”

“काडतुसं मी भरलीत.”

भिवाला हे कारण पटलं. त्यानं दुसरं विचारलं नाही.

दोन सकाळी काहीच आलं नाही. कातळाजवळ शेळी बांधलेली होती, ती ओरडून ओरडून गप्प झाली. काट्यांच्या आडोशाला दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसत. उदाजीच्या पायाला मुंग्या येत. भिवा दगडासारखा असे. दुसऱ्या दिवशी परत येताना उदाजीनं विचारलं, “भीती नाही वाटत?”

“वाटती की.”

“मग दिसत कशी नाही?”

“दाखवून काय करायची?”

तिसऱ्या सकाळी, उजाडल्यावर थोड्या वेळानं, शेळी एकदम ताठ उभी राहिली.

बिबट्या कातळाच्या कडेनं आला. उदाजीला वाटलं होतं त्याहून तो लहान होता. पुढचा उजवा पाय टेकवत नव्हता. तो थांबला. शेळीकडे नाही... काट्यांच्या आडोशाकडे बघत थांबला.

भिवाचा गाल दस्त्यावर टेकला होता. उदाजीचं तोंड त्याच्या खांद्यापासून वीतभर दूर होतं. त्याला बिबट्या दिसेनासा झाला. त्याला फक्त भिवाचा डोळा दिसत होता, अर्धवट मिटलेला. आणि त्याच्याशेजारचं लोखंड. त्यामागं त्यानं स्वतः तोललेले दाणे होते. त्यांचं नाव त्याला माहीत होतं, वजन माहीत होतं, याच नळीत ते कसे जळतात तेही माहीत होतं.

त्यानं श्वास सोडला.

भिवानं चाप ओढला.

एकच बार झाला. बिबट्या जिथं होता तिथंच बसल्यासारखा खाली गेला. पुन्हा उठला नाही.

जवळ जाऊन पाहिलं तर उजव्या पंज्यात साळिंदराचे दोन काटे खोल रुतून मोडले होते. पंजा सडला होता. हरीण पकडता येईना, म्हणून माणसांकडे वळला होता. भिवा त्याच्यापाशी बराच वेळ उकिडवा बसला. मग त्यानं डोक्याचं फडकं काढलं आणि बिबट्याच्या तोंडावर टाकलं.

वाडीतली माणसं ओरडत धावत येत होती. त्यांत भिवाचा भाऊ होता. तो ओरडत नव्हता. तो आला आणि भिवाशेजारी तसाच उकिडवा बसला.

दुपारी उदाजी सिलेखान्यात परतला. अंघोळही केली नव्हती. उस्तादांना त्यानं सगळं सांगितलं, थोडक्यात. पूर्वी त्याला या गोष्टीला तासभर लागला असता.

उस्तादांनी रिकामी पुंगळी मागितली. उजेडात धरून, फिरवून, काठावरून नख फिरवून पाहिली.

“छान जळली आहे,” ते म्हणाले.



“उस्ताद, एक विचारू?”

“विचार.”

“तो दुसरा डबा... त्यातली दारू कोणती होती, हे तुम्हाला तरी ओळखता आलं होतं का?”

“आलं होतं. झाकण उघडलं तेव्हाच. वासावरून.”

“म्हणजे... मी म्हणत होतो तीच?”

“तीच.”

“तुमची खात्री होती?”

“पुरी खात्री होती.”

 बाहेर वाडीतल्या माणसांच्या हलगीचा आवाज जवळ येत होता.

“मग जाळली कशाला?”

उस्तादांनी पुंगळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

“खात्री होती, म्हणूनच. डबा उरला असता, तर नुसत्या खात्रीवर एक दिवस मीच ती भरली असती.”