पाटीवरची मोकळी ओळ

"मग लिहू ना, उस्ताद, तुमचं नाव?"

दिगंबर बुरगुटेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. उस्ताद मौलाअली आतार बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. त्यांनी ती फुंकर निगुतीनं पुरी केली.



बार्शीत कुणाच्या कॉम्प्युटरचा यूपीएस रुसला, की उस्तादांचंच नाव निघायचं. यूपीएस म्हणजे लाइट गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारं खोकं, आणि त्या खोक्याचा जीव आतल्या बॅटऱ्यांत. नुसता तळहात ठेवून उस्ताद सांगत, हिचे किती दिवस राहिलेत. आणि तेवढेच निघत.

दिगूनं त्यांच्याकडे सहा वर्षं काढली. डिप्लोमा झालेला पोरगा. हातात कसब होतं, आणि जिभेवर त्याहून जास्त.

शुक्रवारी त्याचं स्वतःचं दुकान उघडणार होतं. पाटी रंगवून झाली होती. वर लाल ठसठशीत अक्षरांत 'बुरगुटे पॉवर सर्व्हिस', खाली एक ओळ मोकळी, आणि त्या ओळीच्या शेवटी 'यांचे शिष्य'. पेंटर पक्का माणूस. उस्तादांच्या तोंडचं 'हो' आणल्याशिवाय ब्रश टेकवणार नाही म्हणाला. म्हणून आज दिगू पाटीच खांद्यावर घेऊन आला होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. उस्तादांच्या हाताखालून आजवर बाराजण शिकून गेले. एकाच्याही पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. फार काय, खुद्द उस्तादांच्या दुकानाला पाटी नव्हती. ती मोकळी ओळ भरणारा पहिला शिष्य आपणच, असं दिगूनं मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या एका ओळीसाठी तो रात्रंदिवस राबला होता, हेही खोटं नाही.

"परवाच्या रक्तपेढीच्या कामाचं कळलं का?" त्यानं विचारलं.

उस्तादांनी मान हलवली. कळलं होतं की नव्हतं, कोण जाणे.

मग काय, दिगूची गाडी सुटली. पहिलंच स्वतंत्र काम. सोळा बॅटऱ्या, सगळ्या फुगलेल्या. कुठल्या पिशवीत कुठल्या गटाचं रक्त, हे सगळं त्या कॉम्प्युटरांत, आणि बाहेर दोन पेशंटची माणसं पिशवीसाठी उभी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक मिनिटसुद्धा कॉम्प्युटर बंद करता येणार नाहीत. दिगू म्हणाला, करूच नका. त्यानं यूपीएस बाजूला सारून कॉम्प्युटरांचा भार थेट विजेच्या लाइनवर घेतला, सोळाच्या सोळा जुन्या उतरवल्या, नव्या चढवल्या, एकेक जोड हातानं ओढून पाहिला आणि मेन स्विच धाडकन खाली पाडला. पंखे थांबले, दिवे गेले. कॉम्प्युटरांचे पडदे मात्र जसेच्या तसे चालू. बाईंनी उठून हात जोडले.

"वीस मिनिटं लागली, उस्ताद. तुम्हाला तरी यापेक्षा कमी लागली असती का?"

"नसती," उस्ताद म्हणाले.

दिगूला स्वर्ग दोन बोटं उरला. सहा वर्षांत उस्तादांनी एवढी तारीफ कुणाचीच केली नव्हती.

उस्तादांनी बशी खाली ठेवली. "जुन्या कुठायत?"

"कुठल्या जुन्या?"

"सोळा."

दिगू हसला. त्याला ते विचारणंच उस्तादांच्या खास स्वभावाचं वाटलं. जुन्या बॅटरीची उस्तादांकडे नव्या नवरीसारखी बडदास्त असे. टोकांना चिकटपट्टी लावा, आडवी करू नका, भुशाच्या पेटीत उभी ठेवा, आणि महिनाअखेरीला परवाना असलेल्या कारखान्याची गाडी आली की हातानं चढवून द्या. तिथं जुनं शिसं वितळवून त्याचीच पुन्हा नवी बॅटरी होते. एवढ्या उस्तवारीत दिगूचा जीव मेटाकुटीला येई.

जुन्या परवापासून रक्तपेढीतच पडून होत्या, दिगूनं सांगितलं. आज सकाळी तिथं दारात एक भंगारचा टेम्पो उभा दिसला. त्यालाच सगळ्या उचलून न्यायला लावल्या. झंझट मिटली.

"तो काय करतो त्यांचं?"

"ओढ्याकाठी फोडतो म्हणे. शिसं काढून घेतो." दिगूनं पाटी गुडघ्याला टेकवली. "ते जाऊ द्या, उस्ताद. नावाचं सांगा."

उस्ताद उठले. पाटी त्यांनी स्वतः उचलली आणि मागच्या दारानं परसात निघाले. दिगू मागोमाग. त्याला वाटलं, आतून ब्रश आणणार, स्वतःच्या हातानं लिहिणार. त्याची छाती भरून आली.

परसात, भिंतीलगत, खाटेएवढी जागा उघडी होती. सगळीकडे हरळी माजलेली, तिथे मात्र काडी नाही. सहा वर्षं रोज सकाळी दिगूचं पहिलं काम तेच होतं... त्या जागेवर मूठभर चुना भुरभुरायचा आणि बादलीभर पाणी घालायचं. डिप्लोमावाल्या पोरानं उघड्या जमिनीला पाणी घालायचं! म्हाताऱ्याची लहर म्हणून तो ते करत आला. का घालायचं, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही असेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

"इथं काय होतं, ठाऊक आहे?"

"नाही."

"सीताफळ. अम्मीनं लावलेलं."

दिगूनं आजूबाजूला झाड शोधलं.

"मी तुझ्याच वयाचा होतो," उस्ताद म्हणाले. "बॅटरी बदलण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नव्हता. लोक दुकानात वाहवा करायचे. मी जुन्या इथं आणून फोडायचो. ॲसिड इथंच ओतायचो... चार वर्षं."

"आणि झाड?"

"तिसऱ्या वर्षी गेलं. अम्मी काही बोलली नाही. रोज पाणी घालत राहिली."

दिगूची नजर जमिनीवर खिळली. सहा वर्षांची ती बादली त्याला एकाएकी जड वाटली. सकाळचा टेम्पो डोळ्यांपुढे आला. फळीवर आडव्यातिडव्या फेकलेल्या सोळा बॅटऱ्या, आणि त्यांच्याकडे पाठ करून पेंटरकडे निघालेला तो स्वतः.

उस्तादांनी पाटी त्या उघड्या जागेत, भिंतीला टेकवून उभी केली. लाल अक्षरं उन्हात चकाकत होती.

मग त्यांनी कमरेची किल्ली सोडली. त्यांच्या जुन्या तीनचाकी टेम्पोची. ती दिगूच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली.

"उस्ताद..."

"माझं नाव इथं लिहिलंय, दिगू. तुझं कुठं लिहायला घेतलंय, ते बघून ये."