उत्पलाचं पाणी

"मग लोह जातं कुठं, भन्ते?"

वंदन करायचंसुद्धा राहिलं. रिपोर्ट मी त्यांच्यापुढच्या चटईवर आपटलाच.

भन्ते सुमंगल चीवर घेण्याआधी मेडिकल कॉलेजात रक्ताचा विषय शिकवायचे. धम्मदेसनेचं प्रवचन संपलं की विहारात अजूनही लोक त्यांना रिपोर्ट दाखवतात.

माझी उत्पला पाच वर्षांची. सकाळी गुडघे सुजलेले असतात, जिना उतरवत नाही. हिमोग्लोबिन आठ.

"चार महिने लोहाचं औषध पाजतेय. दात काळे पडले पोरीचे! भाजी लोखंडी कढईत, वर खजूर, अळीव... तरी आठच! आणि सासूबाई चारचौघींत म्हणतात, शिकलेल्या बायकांना मूल जेवू घालता येत नाही."

(मनातून मलाही तेच वाटतं. पण ते मी कशाला सांगू?)

"मम्मी, पाणी," उत्पला म्हणाली.

"थांब गं."

भन्तेंनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"लोह आहे. साठा भरलेला आहे. कुलपात."

"कुलूप लावलं कुणी?"

"तिच्याच शरीरानं. गुडघ्यात लढाई पेटली आहे. लढणाऱ्या पेशी बारीक प्रथिनं सोडतात, निरोप म्हणून. निरोप थेट हाडातल्या मगजापर्यंत जातो, रक्त घडतं तिथं. आधी शिपाई घडवा, तांबड्या पेशी मागाहून. यकृतालाही निरोप, लोह कोंडून ठेवा."

"आणि शत्रू कोण?"

"कुणी नाही. गुडघा तिचाच. शरीराला परका वाटला."

माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे मी घास घास भरवायचा आणि यांनी कुलूप घालायचं? डोस दुप्पट करते!"

"सूज उतरव. सांध्यांच्या डॉक्टरांकडे ने."

"चार महिन्यांत कुणी बोललं नाही हे! सगळे मलाच विचारतात, पालक देता का, बीट देता का..."

"मम्मी, पाणी."

"थांब म्हटलं ना, उत्पला! मी बोलतेय! हा काय न्याय झाला, भन्ते? लेकरू पांढरंफटक पडलंय आणि म्हणे आम्ही रक्षण करतोय! कुणाचं रक्षण? त्या मगजाला तरी अक्कल नको?"

भन्ते उठले. माठातून पेला भरला आणि माझ्यापुढे चटईवर ठेवला.

ओरडून घशाला कोरड पडली होती. मी पेला उचलला, घटाघटा रिकामा केला आणि पुन्हा तोंड उघडलं.

भन्ते उत्पलाकडे बघत होते.

उत्पला पेल्याकडे बघत होती.

...

"अगं बाई..." मी म्हटलं. "पण भन्ते, मी तिच्यासाठीच तर भांडत होते!"

भन्तेंनी पेला पुन्हा भरला. या वेळी उत्पलापुढे ठेवला.

"तिचं शरीरही हेच म्हणतं, पोरी."