चोवीस गाठींची दोरी

फार पूर्वी, एका नदीच्या वळणावर सोळा घरांचं एक गाव होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की उघड्या पडलेल्या पात्रात गावकरी टरबुजं लावत. पुरात दरवर्षी जुन्या खुणा वाहून जात, म्हणून वाटेही दरवर्षी नव्याने पाडावे लागत.

हे काम शाळेच्या गुरुजींचं. त्यांच्याकडे चोवीस गाठींची एक लांब दोरी होती. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत बरोबर एक काठी, म्हणजे पाच हातांचं अंतर. दोरीची टोकं बांधून घेर टाकायचा, आत येईल ती जमीन त्या घराची. दोरी सगळ्यांना एकच, त्यामुळे भांडण म्हणून नव्हतं. गुरुजींना या गोष्टीचा फार अभिमान होता. बारा वर्षं ते हेच करत आले होते.

गावाच्या टोकाला एक विधवा बाई आपल्या मुलीसोबत राहत होती. तिच्या घरासमोर पात्र अगदी चिंचोळं होतं. दोरी तीच, पण तिचा वाटा पट्टीसारखा लांबुळका पडे. टरबुजाच्या एका आळ्याला काठीभर लांब आणि काठीभर रुंद जागा लागे. इतरांच्या वाट्यात अशी छत्तीस आळी बसत, तिच्या वाट्यात वीसच.

बाई म्हणे, “जागाच पुरत नाही.”

त्यावर पाटील हसत. “दोरी सगळ्यांना सारखी. नाचता येईना, अंगण वाकडं!”

बाई कामचुकार आहे, असं मग गावाचंच मत झालं. गावाचं मत एकदा झालं की ते दगडावरच्या रेघेसारखं असतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

शाळेत गुरुजी गणित शिकवत ते घोकून घेऊन. “क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी!” मुलं एका सुरात ओरडत आणि घरी जाईपर्यंत विसरत. एकदा गुरुजींनी विचारलं, “घेर आणि क्षेत्रफळ यांत फरक काय?” मुलं पुन्हा तेच ओरडली, “लांबी गुणिले रुंदी!” गुरुजी चिडले, पण नुसतं चिडून उपयोग नाही हे त्यांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांकडून ओल्या मातीच्या चौकोनी वड्या कापून घेतल्या. वड्या वाळल्यावर प्रत्येकाला चोवीस गाठींचा एक छोटा दोरा दिला. दोन गाठींमधलं अंतर वडीच्या एका बाजूएवढं.

“दोऱ्याचं कुंपण करा आणि आत वड्या भरा. दोरा म्हणजे घेर, वड्या म्हणजे क्षेत्रफळ,” गुरुजी म्हणाले.

मुलं खूश झाली. बहुतेकांनी सहा बाय सहाचं कुंपण केलं. छत्तीस वड्या बसल्या. टोकाच्या घरातल्या मुलीने मात्र आपल्या टरबुजाच्या वाडीसारखं कुंपण केलं, दहा लांब आणि दोन रुंद.

“वीस,” ती म्हणाली.

“नीट मोज, पोरी.”

तिने पुन्हा मोजलं. वीसच. गुरुजी स्वतः खाली बसले आणि एकेक वडी हाताने लावत गेले. विसावी वडी लावून झाली आणि कुंपणात जागाच उरली नाही. लांबी गुणिले रुंदी त्यांना लहानपणापासून पाठ होतं. पण ते नदीच्या पात्रात नेऊन पाहावं, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं.

“गुरुजी,” मुलीने हळूच विचारलं, “आमच्या वाडीचंही असंच असेल का?”

गुरुजी झटकन म्हणाले, “हा खेळ आहे. जमिनीचं वेगळं असतं.”

“बरं,” ती म्हणाली. गुरुजी सांगतात म्हणजे तसंच असणार. ती वड्या गोळा करू लागली. मग खालच्या मानेनेच म्हणाली, “मला वाटलं, आई कामचुकार नसेल. मीपण तिला तसं म्हणाले होते.”

गुरुजींच्या मनात आलं, बारा वर्षांची चूक गावाला सांगायची म्हणजे तोंड कुठे लपवायचं? पण गप्प राहिलं तर ही पोर जन्मभर आईला कामचुकार समजणार. ते म्हणाले, “थांब. मी आत्ता खोटं बोललो. तुझी आई कामचुकार नाही. मी चुकलो.”

चार दिवसांनी वाटे पाडायला गाव पात्रात जमलं. गुरुजी म्हणाले, “आजवर मी चुकीचे वाटे पाडले.”

“अहो, दोरी तर वाडवडलांची!” पाटील म्हणाले.

गुरुजींनी वाद घातला नाही. त्यांनी दोरी पसरली. अकरा काठ्या लांब, एक काठी रुंद. “पाटील, यंदा हा तुमचा वाटा.”

पाटील आत उभे राहिले, इकडेतिकडे बघू लागले. “यात अकराच आळी बसतील! माझं घर खाणार काय?”

“का? दोरी तर तीच आहे.”

कोणी हसलं नाही. सगळ्यांची नजर हळूहळू त्या बाईकडे वळली.

गुरुजी तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. बाई म्हणाली, “मी दर साली आळी मोजत होते, गुरुजी. पण दोरी खोटी कशी म्हणणार? वाटायचं, माझंच काही चुकतंय.”

मग वाटे आळ्यांवर ठरले. मुलांनी वाळूत खडे मांडून हिशेब केला. पंधरा घरांनी आपल्या छत्तीसातलं कडेचं एकेक आळं त्या बाईला दिलं आणि सगळ्यांची पस्तीस पस्तीस झाली.

फक्त एकेक आळं! बारा वर्षं एक घर अर्धपोटी राहिलं, ते एवढ्यासाठी.

मुलगी आईजवळ गेली. आईने तिच्या हातात कुदळ दिली आणि दोघी खणायला लागल्या.

या गोष्टीचं तात्पर्य: माप सारखं असलं म्हणून वाटा सारखा होत नाही. दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या वाट्याची जागा आपल्या हाताने मोजून पाहावी.