सर्वांत मोठं वर्तुळ

नाशिकच्या एका औषध संशोधन संस्थेत डॉ. उपासनींचा शब्द म्हणजे कायदा. स्वतः तयार केलेल्या नव्या रसायनापुढे त्यांना झाडपाला म्हणजे निव्वळ कचरा वाटे. तिथलीच संशोधक सुमित्रा गावित कुड्याच्या झाडाच्या सालीचा अर्क जंतूंवर तपासत होती. तो प्रकल्प बंद करा, असं त्यांनी भर समितीत सुनावलं.

सुमित्राने तीन काचेच्या बशा पुढे ठेवल्या. "सर, यांत जंतू वाढवून प्रत्येकीत वेगळा द्रव टाकलाय. ते जिथे मेले, तिथे स्वच्छ वर्तुळ दिसतं. नावं तळाशी लिहिलीत. तुमचं औषध कोणतं, तुम्हीच ओळखा."

उपासनींनी तत्काळ सर्वांत मोठ्या वर्तुळावर बोट ठेवलं. "हे! आंधळाही सांगेल."

तिने बशी उलटी केली. तळाशी लिहिलं होतं, 'नुसतं स्पिरिट'.

उपासनींनी ती बशी डोळ्यांजवळ नेली. "म्हणजे?"

"तुम्ही औषध ज्यात विरघळवता, तेच हे स्पिरिट. जंतू तेच मारतं, सर. त्यात तुमचं औषध मिसळलं की वर्तुळ उलट लहान होतं! माझा अर्क साध्या पाण्यातला आहे, आणि पाण्याने जंतू मरत नाहीत; म्हणजे त्यातलं वर्तुळ कुड्याचंच."

उपासनींनी उरलेल्या दोन्ही बशा उलटून पाहिल्या आणि ते खाली बसले. समितीच्या अध्यक्षबाईंनी सुमित्राच्या प्रकल्पाची फाइल पुढे ओढली.

"सुमित्राताई, कुड्याला अजून किती वर्षं हवीत?"