कुडकुडणारी परी

डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचा एक झरा होता आणि झऱ्याकाठी लाल कौलांचे, लांबलचक पडवीचे जुने हॉटेल. दुखरे गुडघे नि आखडलेल्या कंबरा घेऊन पाहुणे यायचे, वाफाळत्या कुंडात डुंबायचे आणि हसतमुखाने घरी जायचे. त्यांच्या चादरी धुणाऱ्या भागीरथीची इवलीशी लेक म्हणजे बकुळा. अंगावर ठिगळांचा परकर आणि जिभेवर सदा एक प्रश्न!

पण एके दिवशी झरा थंडगार पडला. पाहुणे निघून गेले. मालक म्हणाले, आता हॉटेल बंद करायचे.

"मग आपण कुठं जायचं, आई?"

"काय सांगू, बाय? मलाच ठाव नाय," आई म्हणाली.

झरा थंड का पडला असेल? बकुळाला चैन पडेना. भल्या पहाटे ती कुंडाकाठच्या बागेत गेली. पाहते तर काय, सोनचाफ्याखाली बोटभर उंचीची परी! चंदेरी झगा, मोरपंखी पंख, केसांत मोत्यांसारखे बुडबुडे.

"तुझ्या तीन इच्छा पुरवीन," परी म्हणाली. "पण एक प्रश्न विचारलास की एक इच्छा गेली."

"का?" बकुळाने विचारले.

झाले, एक गेली.

"तुझे पंख पाण्यात भिजत नाहीत?"

दुसरीही गेली. बकुळाने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबले. आता झरा पुन्हा गरम होऊ दे, एवढेच मागायचे, म्हणजे आईचे काम टिकेल. तिने हात काढले आणि परीकडे नीट पाहिले. परीचे ओठ जांभळे पडले होते. पंख लटलट कापत होते.

"अगं, तुला थंडी वाजतेय का?"

गेली तिसरीही. बकुळाचे डोळे भरून आले. तरी तिने अंगावरची जुनी शाल काढली, परीला हळूच गुंडाळले आणि उराशी धरले.

"मी या झऱ्याची परी. सगळे माझ्याकडे ऊब मागायलाच आले गं," परी म्हणाली. "मला कुणी दिली नाही. म्हणून मी गारठले, आणि झराही गारठला. तुझ्या इच्छा संपल्या, पण ही ऊब तर तू मला दिलीस."

तिचे पंख केशरी झाले, गुलाबी झाले, सोन्यासारखे झळाळले. परीने कुंडात उडी घेतली. सारी बाग उजेडाने न्हाऊन निघाली आणि परी दिसेनाशी झाली.

कुंडातून वाफा निघू लागल्या. उजेड पाहून आई धावत आली. तिने पाण्यात हात घातला, चटका बसला, तशी ती हसत सुटली.

मालक धावत आले. "भागीरथीबाय," ते म्हणाले, "आता कुठं जायचं नाय. चादरी लागतील, पुष्कळ."