पणजोबांचा पाय घसरला

शिरवलीच्या राजांनी कथेकरी भानोबांना आपल्या पराक्रमी पणजोबांची गोष्ट सांगायला बसवले. पणजोबा ऐन तारुण्यात एकटेच कडा चढत होते. मध्येच त्यांनी खाली पाहिले, ते घाबरले आणि त्यांचा पाय घसरला. तसे राजे गादीवरून ताडकन उठले. मग भानावर येऊन गरजले, "बुवा, आमच्या घराण्यातला वीर घाबरतो? ती भीती काढा, नाहीतर उद्यापासून या दरबारात तुमची कथा बंद!"

"काढतो, सरकार," भानोबा म्हणाले. "पण मग त्यांना धरायला आपणही असा हात पुढे करून उभे राहणार नाही."

राजांनी पाहिले, तर हात अजून पुढेच होता. दरबार खदखदून हसला. राजे हळूच खाली बसले.

"राहू द्या भीती. पण बुवा, पणजोबा वाचले ना?"