गोल शेताचा कोपरा

खूप खूप वर्षांपूर्वी, गावांना वेशी होत्या पण वेशींना अजून कुलपं लागली नव्हती तेव्हा, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावात एक प्रार्थनाघर होतं आणि तिथे जमणाऱ्या मंडळीचे एक म्हातारे ‘वडील’, म्हणजे धर्माचा निवाडा सांगणारे पुढारी, होते. देवाच्या आज्ञांचं नियमशास्त्र त्यांना तोंडपाठ. कुठे वाद झाला की लोक त्यांच्याकडे यायचे. पण वडील मनातून फार भित्रे. कुणाला उत्तर दिलं की ‘आपलं चुकलं तर नाही ना?’ या विचारात त्यांचा घास हातातच राहायचा.

गावात एक जुनी चाल होती. पीक कापताना शेताचा कोपरा उभाच ठेवायचा. गळलेलं कणीस परत उचलायचं नाही. ते गरिबाचं, विधवेचं, परक्याचं. देवाची आज्ञाच होती तशी.

एका सुगीला गावातला एक मोठा शेतकरी वडिलांकडे आला.

“वडील, कोपरा सोडायला माझी ना नाही. पण कोपरा म्हणजे केवढा? घोंगडीएवढा की खळ्याएवढा? शास्त्रात माप दाखवा, तेवढा सोडतो.”

वडील गोंधळले. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. “पाहून सांगतो,” ते म्हणाले.

त्यांनी पोथ्या काढल्या. पुढून वाचलं, मागून वाचलं. आज्ञा सापडत होती, माप सापडत नव्हतं. घोंगडीएवढा म्हणावं तर गरिबावर अन्याय, खळ्याएवढा म्हणावं तर शेतकऱ्यावर. आणि देवाच्या तोंडी आपले शब्द घातले म्हणजे?

“अहो,” त्यांची बायको म्हणाली, “तुमचं पाहून होईतो पाखरं दाणे टिपून जातील.”

झालंही तसंच. उत्तर येईना, तेव्हा शेतकऱ्याने बांधापर्यंत सगळा जोंधळा कापून नेला. गावातली एक विधवा सरवा, म्हणजे कापणीनंतर रानात राहिलेली कणसं, वेचायला आली होती. घरी तिची म्हातारी सासू वाट बघत होती. रिकामा पदर झटकून ती परत फिरली. वडिलांच्या दारावरून जाताना एवढंच म्हणाली, “येते, बाबा.”

ती रागावली असती तर वडिलांना बरं वाटलं असतं. त्या वर्षी त्या दोघी सासू-सुना कितीदा पाणी पिऊन निजल्या, ते गावाला ठाऊक होतं.

पुढच्या पेरणीला शेतकऱ्याने भलतीच युक्ती केली. आपल्या चौकोनी रानात त्याने बैल गोल गोल फिरवले. गोल नांगरलं, गोल पेरलं, भोवती गोल काटेरी कुंपण घातलं. सुगी आली तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “वडील, या आता! दाखवा कुठे आहे कोपरा!”

लोक जमले. वडीलही काठी टेकत गेले. यंदाही आपण गप्प राहिलो तर त्या दोघींचं काय, हा एकच प्रश्न वाटभर त्यांच्यासोबत चालत होता.

विधवा तिथे आधीच पोचली होती. कुंपणाच्या आत ती गेली नव्हती. पण कुंपण आणि बांध यांच्यामध्ये रानाचे चार तुकडे न नांगरता पडले होते. तिथे मागच्या सालचे सांडलेले दाणे आणि वाऱ्याने उडालेलं बी आपसूक उगवलं होतं. कणसं बारीक होती, पण होती. विधवा तीच कणसं खुडत होती.

“ए बाई!” शेतकरी ओरडला. “माझ्या रानात पाय ठेवू नकोस!”

वडील थबकले. “भाऊ, हे रान तुझं?”

“माझंच! थेट बांधापर्यंत!”

“मग तुझ्या शेताला कोपरे आहेत की,” वडील म्हणाले. “चांगले चार आहेत. आणि हे रान तुझं नसेल, तर ओरडतोस कशाला?”

लोक खो खो हसले. “घोंगडीएवढा वाचवायला गेला आणि चार खळ्यांएवढं रान सोडून बसला!” कुणीतरी म्हणालं.

शेतकऱ्याने मान खाली घातली. वडिलांना मात्र हसू येईना. शेतकरी कुंपणाचे काटे पुन्हा पुन्हा चाचपून बघत होता. ते भिऊन चाचपणं त्यांच्या ओळखीचं होतं. ते त्याच्याजवळ बांधावर बसले.

“एवढी कसली भीती रे?”

शेतकरी म्हणाला, “मी लहान असताना दुष्काळ पडला. आईने चिंचोके भाजून आम्हाला जगवलं. ती जगली नाही. आता कणगी काठोकाठ भरलेली असली, तरी दिवसातून कितीदा झाकण उघडून बघतो.”

“मीही बघतो,” वडील म्हणाले. “पोथी उघडून. चुकलो तर देव काय म्हणेल, या भीतीने. तू भीतीने शेत गोल केलंस, मी भीतीने तोंड मिटलं. उपाशी मात्र ही राहिली.”

विधवेने पदरातली कणसं सावरली.

“मग आता तरी सांगा,” शेतकरी हळूच म्हणाला. “कोपरा केवढा?”

“लिहिलेलं नाही,” वडील म्हणाले. हे सांगताना ते पहिल्यांदाच कचरले नाहीत. “वर्षभर वाटत होतं, माझ्याच वाचण्यात काही राहून गेलं. आता वाटतं, देवाने आपल्या वचनाचाही एक कोपरा न कापता ठेवला. तो आपल्यासाठी आहे. काय वेचायचं ते आपण ठरवायचं.”

शेतकरी उठला. त्याने कुंपणाचे काटे उपसले, हात ओरबाडले तरी थांबला नाही. मग विधवेला म्हणाला, “ताई, ये आत. पुरे होईल तेव्हा तूच सांग.”

तिने पदरात मावेल तेवढंच घेतलं. पुढल्या पेरणीला शेत पुन्हा चौकोनी झालं. शेतकरी दर सुगीला कोपरा सोडू लागला. तो केवढा होता, ते कुणी मोजलं नाही. त्याच्या कणगीचं झाकण मात्र आता दिवसचे दिवस बंदच राहू लागलं. आणि वडील? त्यांना शंका येतच राहिल्या, पण कुणी उपाशी दारात आलं तर आधी ते भाकरी वाढत आणि मग पोथी उघडत.

तात्पर्य: आज्ञेने जिथे माप सांगितलेलं नसतं, तिथे भीतीला विचारू नये, प्रीतीला विचारावं.